रिंग रोडचं नंतर बघू, आधी शिवेवरची भिंत

प्रश्न लातूरचा आहे. औसा रोडच्या बाजूला नव्या वसाहतीत राहणाऱ्या एक शिक्षिका विचारतात: "मागच्या ले-आउटमधली शाळा आमच्या गच्चीवरून दिसते, पण तिथं जायचं तर हमरस्त्यावर येऊन पावणेदोन किलोमीटर फिरून जावं लागतं. मध्ये एक भिंत आहे, बाकी काही नाही. शहर वाढतंय की नुसतं पसरतंय? सगळे म्हणतात, बाहेरून आणखी एक रिंग रोड झाला की प्रश्न सुटेल. खरं आहे का? आणि आम्ही रहिवाशांनी करायचं काय?"

नगररचनेत माझी हयात गेली. आधी मंजुरी देणाऱ्यांच्या बाजूला बसलो, आता मंजुरी मागणाऱ्यांचे नकाशे काढून देतो. त्यामुळे दोन्हीकडच्या खाचाखोचा माहीत आहेत. सरळ उत्तर द्यायचं तर रिंग रोडनं तुमचा शाळेचा रस्ता पाच मिनिटांनीही कमी होणार नाही. तुमचं दुखणं त्या भिंतीत आहे, आणि तशा भिंती मराठवाड्यातल्याच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाढत्या शहराच्या कडेला शेकड्यांनी सापडतील.

आधी लातूरची ठेवण बघा. १९१७ साली गंजगोलाई आखली गेली, ती मध्ये गोल बाजार आणि त्यातून बाहेर फुटणारे सोळा रस्ते अशी. त्या काळच्या गावाला ही आखणी झकास होती. गोलाईपासून शंभर मीटरवर उभे राहिलात तर एका रस्त्यावरून शेजारच्या रस्त्याचं अंतर भरतं चाळीसेक मीटर. एक गल्ली ओलांडली की पुढचा रस्ता. सराफा, मिरची, गूळ, चपला, प्रत्येक बाजार आपापल्या रस्त्यावर आणि सगळे पायी फिरता येण्यासारखे. पण मध्यातून फुटलेले रस्ते बाहेर जातील तसे एकमेकांपासून लांब होत जातात. शिवाय सोळाच्या सोळा काही वेशीबाहेर जात नाहीत. हमरस्ते म्हणून बाहेर पडतात ते मुख्यतः चार: बार्शी रोड, औसा रोड, नांदेड रोड, अंबाजोगाई रोड. त्यांच्यातले कोन सारखे नाहीत, म्हणून सरासरी धरू. गोलाईपासून एक किलोमीटरवर शेजारच्या दोन हमरस्त्यांत दीड किलोमीटरचं अंतर पडतं. चार किलोमीटरवर ते सव्वासहा किलोमीटर होतं. ही मधली पाचर कोणी भरायची?

लातूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत तीन लाखांच्या आसपास होती, २०११ ला ती ३ लाख ८३ हजारांवर गेली, आणि त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शिकवणीसाठी बाहेरगावहून येणारी पोरं, त्यांच्यासाठी खोल्या करून बसलेले पालक, जिल्ह्यातून शहरात येऊन प्लॉट घेणारे नोकरदार या सगळ्यांची घरं त्या पाचरीत झाली. घरं झाली, पण पाचर आडवी कापणारे रस्ते त्या मानानं झाले नाहीत. म्हणून शेजारच्या वसाहतीत जायचं तरी आधी मध्याकडे यायचं, मग परत बाहेर जायचं. तुम्ही शाळेसाठी घालता तो वळसा याच जातीचा आहे.

आता भिंत कशी उभी राहते ते सांगतो, कारण तिथंच सगळी मेख आहे.

आपल्याकडे शहर वाढतं ते गटागटानं. एका शेतकऱ्याचा चार एकराचा गट कोणी तरी विकसनाला घेतो, ले-आउट टाकतो, हमरस्त्याकडून नऊ मीटरचा रस्ता आत घेतो, त्याला आडवे रस्ते काढतो, दहा टक्के खुली जागा सोडतो आणि तीस बाय चाळीस, तीस बाय पन्नासचे प्लॉट पाडतो. नकाशा एका गटाचा, मंजुरी एका गटाची. शेजारच्या गटात त्या दिवशी तूर उभी असते. तीन वर्षांनी तिथं दुसरा विकसक येतो आणि आपला नकाशा आपल्या सोयीनं काढतो. पहिल्याचा आडवा रस्ता शिवेवर जिथं संपतो, तिथं दुसऱ्याचा सात नंबरचा प्लॉट पडतो.

यात कोणी मुद्दाम वाईट वागतं असं दर वेळी नसतं, हिशेबच तसा पडतो. नियमात ले-आउटमधला रस्ता जितका लांब, तितका रुंद ठेवावा लागतो. रुंद रस्ता म्हणजे विकाऊ क्षेत्र कमी. म्हणून नकाशा काढणारा रस्त्यांचे तुकडे करतो, सलग रस्ता टाळतो. दुसरं, बंद टोकाचा प्लॉट "शांत, रहदारी नाही" म्हणून चांगल्या भावानं जातो. तिसरी गोष्ट जरा चावट आहे. काही जण आडवा रस्ता शिवेपर्यंत नेतात, पण शेवटची एक-दोन फुटांची पट्टी मूळ मालकाच्या नावावर शिल्लक ठेवतात. शेजाऱ्याला उद्या रस्ता जोडायचा असेल तर त्या दोन फुटांचे पैसे मोजावे लागतात. नकाशावर पेन्सिलीच्या रेघेएवढी दिसणारी ही पट्टी अख्ख्या वसाहतीला पिढीभर अडवून धरते.

शहर पसरतं म्हणजे क्षेत्रफळ वाढतं एवढंच आपण धरतो. मी त्याची पारख वेगळी करतो. कागद घ्या आणि मोजा. रस्ते जिथं मिळतात तो चौक किंवा तिठा, तो एक बिंदू. रस्ता जिथं मरतो ते टोक, तोही एक बिंदू. दोन बिंदूंमधला रस्ता हा एक दुवा. दुव्यांना बिंदूंनी भागा. आकडा जितका मोठा, तितके रस्ते एकमेकांना जोडलेले.

समजा हमरस्त्याला लागून दोन ले-आउट शेजारी शेजारी आहेत. प्रत्येकात एक सरळ रस्ता आत जातो आणि त्याला शेजाऱ्याच्या दिशेनं पाच आडवे रस्ते फुटतात, पाचही शिवेवर भिंतीपाशी संपतात. एका ले-आउटमध्ये हमरस्त्यावरचा तिठा एक, आतले तिठे पाच, मेलेली टोकं पाच, म्हणजे अकरा बिंदू आणि दहा दुवे. दोन्ही मिळून बावीस बिंदू, आणि हमरस्त्याचा मधला तुकडा धरून एकवीस दुवे. गुणोत्तर ०.९५. आता मधली भिंत पाडा आणि पाचही आडवे रस्ते समोरासमोर जोडा. दहा टोकं नाहीशी होतात. उरतात बारा बिंदू आणि सोळा दुवे. गुणोत्तर १.३३. अमेरिकेतल्या ज्या गावांनी हा निकष आपल्या नियमांत घातला, त्यांची किमान अट साधारण १.२ ते १.४ अशी असते. म्हणजे डांबराचं नवं पिंपही न फोडता आपण तिथं पोचलो.

यात एक गंमत बघा. आपल्या ले-आउटच्या आत गाळे, म्हणजे चारी बाजूंच्या रस्त्यांमधले प्लॉटचे तुकडे, मुळात लहान असतात. पन्नास फूट खोलीच्या प्लॉटच्या दोन रांगा म्हणजे शंभर फूट, आणि रांगेत आठ-दहा प्लॉट म्हणजे पंचाहत्तर ते नव्वद मीटर. चालायला इतका सोयीचा गाळा परदेशातले नगररचनाकार मुद्दाम आखून घेतात. म्हणून "दर चौरस किलोमीटरला चौक किती" हे नुसतं मोजलं तर आपली शहरं पहिल्या नंबरात पास होतील. चौक आत भरपूर आहेत. वाट नाही ती शीव ओलांडायला. बाहेरच्या देशातले आकडे उचलून आपल्याकडे अहवाल लिहिले जातात, त्यात हे नेमकं सुटतं.

याची किंमत कोण मोजतं? घंटागाडीवाला प्रत्येक बंद टोकातून गाडी उलटी काढतो. टँकरचं तेच, अग्निशामक गाडीचं तर विचारूच नका. पाण्याची पाइपलाइनही रस्त्यासारखीच टोकाला मरते, तिथं दाब कमी पडतो आणि गाळ साचतो. दोन्हीकडून जोडलेल्या लाइनीत एक बाजू बंद ठेवून दुरुस्ती करता येते, मेलेल्या टोकाला ती सोय नाही. शहर बस आत शिरत नाही कारण पलीकडे निघता येत नाही. पोरांना सायकलवर एकटं पाठवायची हिंमत होत नाही, कारण सायकल हमरस्त्यावरून न्यावी लागते. मग घरटी दोन-तीन मोटारसायकली येतात, त्या सगळ्या सकाळी त्याच चार रस्त्यांवर उतरतात, आणि आपण म्हणतो शहरात वाहनं फार झाली.

आता रिंग रोड. लातूरला रिंग रोड आहे आणि जड वाहनं गावाबाहेरून काढायला तो हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण रिंग रोड पाचरीला एकाच ठिकाणी कापतो. आतली आणि बाहेरची जमीन तशीच राहते. उलट नव्या रिंग रोडला लागलेल्या प्रत्येक गटाला एका रात्रीत रस्त्याचं तोंड मिळतं, भाव चढतात, आणि गावापासून लांबच्या शेतात प्लॉट पडायला लागतात. मधली जमीन मालक धरून ठेवतो. भर म्हणून, गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीचा बिनशेती वापर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे सोपा झालेला आहे. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचले हे चांगलंच झालं. पण आजूबाजूच्या प्रत्येक खेड्याभोवती एकेक कडं वाढतं आणि त्यांना जोडणारा रस्ता कोणाच्याच नकाशात नसतो. दुसरा रिंग रोड आज केला तर दहा वर्षांत तो बाजाररस्ता होतो आणि तिसऱ्याची मागणी येते. हे मी एकापेक्षा जास्त शहरांत होताना बघितलं आहे.

मग आडवे रस्ते आणायचे कुठून? इथं माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. भूमि अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा काढा, जुना, मोजणीचा. त्यात शिवरस्ते दिसतील, पाणंदी दिसतील, गाडीवाटा आणि पायवाटा दिसतील. गाडीमार्गाची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. हमरस्ते तालुक्याच्या गावाकडून बाहेर जातात, पण पाणंदी एका खेड्यातून शेजारच्या खेड्यात जातात, म्हणजे हमरस्त्यांना आडव्या. आर्वीहून वरवंटीला, खाडगावहून कव्ह्याला जाणाऱ्या माणसाला गंजगोलाईशी काय देणंघेणं होतं? तो आडवाच जायचा. शहराला आज जे आडवे रस्ते हवेत, त्यांचा सांगाडा बैलगाड्यांनी कधीच घालून ठेवलाय.

नकाशात स्वतंत्र दाखवलेल्या अशा रस्त्याचं क्षेत्र शेजारच्या कोणाच्या सातबाऱ्यात धरलेलं नसतं, ती कोणाची खासगी जमीन नव्हे. मात्र ले-आउट पडताना पाणंद हळूच गिळली जाते. एका बाजूनं कुंपण चार फूट पुढे येतं, दुसऱ्या बाजूनं मातीचा भराव पडतो, आणि पाच वर्षांनी "इथं कधी रस्ता होता?" असा प्रश्न येतो. म्हणून माझा आग्रह असतो: पाणंदीला लागून कोणताही ले-आउट मंजूर होताना दोन्ही बाजूंनी बारा-बारा फूट मागे सरकवून घ्यायचे. साडेसोळा फुटांची वाट चाळीस फुटांचा, म्हणजे बारा मीटरचा रस्ता होते. भूसंपादनाचा रुपया लागत नाही, कारण ज्याला प्लॉट पाडायचे आहेत त्यालाच त्या रस्त्याचं तोंड मिळतं आणि तो खुशीनं सरकतो. ही खुशी मंजुरीच्या आधी असते, प्लॉट विकले गेल्यावर कोणी इंचभर देत नाही.

जी वाट नुसती वहिवाटीची आहे, नकाशात नाही, तिचं काम अवघड. अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, आणि बांधावरून नवा रस्ता मागायचा तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. पण ही दोन्ही हत्यारं मूळ शेतीसाठीची. वसाहत झाल्यावर त्यांची धार जाते, म्हणून शेत शेत आहे तोवरच वापरायची.

विकास आराखड्याचं काय, असं तुम्ही विचाराल. डीपीत, म्हणजे या आराखड्यात, मोठे रस्ते असतात, अठरा मीटर, चोवीस मीटर. ते दाखवणं सोपं, ताब्यात घेणं महाग. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक खरेदी सूचना, म्हणजे 'जागा विकत घ्या' अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं. डीपी रोडचा मधलाच तुकडा असा गळून पडला की दोन्हीकडचा तयार रस्ता वाया. आणि तुमच्या शाळेकडे जाणाऱ्या नऊ मीटरच्या जोडाएवढ्या बारकाईत डीपी सहसा उतरतच नाही. ते काम ले-आउट मंजुरीचं आहे. आत्ताच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत शेजारच्या जमिनींतल्या रस्त्यांशी सांगड घालण्याची तरतूद आहे. तरतूद आहे, पण टेबलावर एकाच गटाचा नकाशा असेल तर सांगड घालायची कशाशी? शेजारचे मंजूर ले-आउट एका पत्रकावर चिकटवून ठेवणारा एक आरेखक प्रत्येक कार्यालयात नेमला तर निम्मं काम होईल.

खरा इलाज नगररचना योजनेचा, म्हणजे टीपी स्कीमचा. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, आधी रस्ते आखायचे, मग ज्याला त्याला अंतिम भूखंड परत द्यायचा. महाराष्ट्राला ही नवलाई नाही, मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा आहे. आज नवी मुंबई विमानतळाजवळच्या नैना क्षेत्रात मालकाला चाळीस टक्के जमीन विकसित भूखंड म्हणून परत मिळते.

पण लातूरच्या मापाच्या शहरानं बघावं ते भूज. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कोटाच्या आतलं भूज कोसळलं. आतल्या आत संपणाऱ्या अरुंद गल्ल्यांतून लोकांना बाहेर पडता आलं नाही, मदत आत जाईना. पुनर्बांधणी करताना त्या दाट वस्तीवर टीपी स्कीम राबवल्या आणि बंद गल्ल्या फोडून रस्ते आरपार केले. त्यासाठी प्रत्येकाच्या जागेतून कपात झाली, पण ती सरसकट नव्हती. अगदी लहान घरवाल्याला हात लावला नाही, जागा मोठी होत गेली तशी कपातीची टक्केवारी वाढत गेली. गरिबाची खोली वाचते, हे दिसल्यावर लोक मोजणीला उभे राहिले. दाट, पडलेल्या, भावना तापलेल्या गावात हे जमलं, तर तुरीच्या रिकाम्या शेतात जमायला काय हरकत आहे? आपल्याकडे अडतं ते वेळेवर. स्कीमला वर्षं लागतात, तोवर प्लॉट विकून विकसक पुढच्या गावाला जातो.

गुंठेवारीबद्दल थोडक्यात. तेहेतीस बाय तेहेतीस फुटांचा गुंठा, दहा-बारा फुटांची गल्ली, नकाशा नाहीच. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि २०२१ ची सुधारणा यांमुळे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित होऊ शकतात. दंड भरून घेतानाच गल्लीचं टोक मोकळं करून घ्यावं. दाखला हातात पडल्यावर कोणी ऐकत नाही.

भिंत पाडायचं म्हटलं की तुमच्याच वसाहतीतून विरोध होईल, हे धरून चला. "बाहेरची वाहनं येतील, चोऱ्या होतील." पहिली भीती अगदीच खोटी नाही. एकच भिंत पाडली तर त्या एका वाटेवर सगळा लोंढा येतो. पाच ठिकाणी पाडली तर रहदारी पाच वाटांत वाटली जाते आणि कोणालाच जाणवत नाही. तरीही लोक तयार नसतील तर सुरुवातीला लोखंडी खांब रोवून फक्त पायी, सायकल आणि दुचाकीला वाट द्या. लहान शहरात निम्मा फायदा तेवढ्यात होतो. चोरीचं म्हणाल तर चोर भिंतीवरून येतो. वर्दळ बघून तो टळतो.

आता तुम्ही करायचं काम. आधी चार कागद गोळा करा: तुमच्या आणि मागच्या अशा दोन्ही ले-आउटचे अंतिम मंजूर नकाशे (मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात मागा), आराखड्याचा भाग नकाशा, गाव नकाशा, आणि ले-आउटमधल्या रस्त्याचा सातबारा. शेवटचा कागद लोक विसरतात. पुष्कळ ले-आउटमध्ये रस्ते आणि खुली जागा महानगरपालिकेच्या नावावर चढलेलीच नसते, सातबाऱ्यावर अजून मूळ मालक असतो. तो किंवा त्याचे वारस पुढे रस्त्याचं टोक विकून मोकळे होतात. नाव चढलं नसेल तर भिंतीचं नंतर, आधी हस्तांतरणाचा अर्ज.

दोन्ही मंजूर नकाशांत रस्ता शिवेला भिडत असेल तर भिंत हा सरळ अडथळा आहे. आयुक्तांकडे नकाशाच्या प्रती जोडून अर्ज करा, बहुतेक वेळा एवढं पुरतं. मध्ये पट्टी शिल्लक असेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २०५ खाली नवा रस्ता करायचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि दोन फुटांच्या पट्टीचा मोबदला चटईक्षेत्रात, म्हणजे जादा बांधकामाच्या हक्कात, द्यायचा झाला तरी किरकोळ असतो. तिथं घरच बांधलेलं असेल तर त्याच्या नादी लागू नका, जवळची खुली जागा बघा. दोन्हीकडच्या खुल्या जागा शिवेवर पाठीला पाठ लावून असतील तर त्यातून दोन मीटरची पायवाट काढता येते आणि तुमची शाळा तेवढ्यानंही जवळ येते.

आणि मागची किंवा बाजूची एखादी जमीन अजून रिकामी असेल, तर सगळं सोडून आधी तिकडे बघा. तात्पुरत्या मंजुरीला नकाशा आला की नाही याची चौकशी नगररचना विभागात दर महिन्याला करा. आपल्या रस्त्याचं टोक शिवेपासून कुठल्या कोपऱ्यात किती मीटरवर येतं हे मोजून, आपल्या मंजूर नकाशावर लाल शाईनं दाखवून, लेखी द्या. "रस्ता जोडून द्यावा" एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. "गट नंबर अमुकच्या ईशान्य कोपऱ्यापासून दक्षिणेकडे ४२ मीटरवर आमचा ९ मीटर रस्ता येतो, प्रस्तावित ले-आउटमधला रस्ता त्याच रेषेत घ्यावा" असं लिहिलंत तर तो नकाशा तपासणाऱ्या माणसाला दोन मिनिटांत पटतो, कारण त्याला फक्त एक रेघ सरकवायला सांगायचं असतं.

पोच घ्यायला विसरू नका. आवक क्रमांक आणि तारीख असलेली प्रत विकसकाच्या वास्तुविशारदालाही द्या. तो बहुधा अडणार नाही, अंतिम मंजुरी अडकण्यापेक्षा रेघ सरकवणं त्यालाही स्वस्त पडतं.